दारू कोण प्याले होते, हा प्रश्न कोण विचारतो?

फुटबॉलच्या सामन्यात दंगल झाली किंवा चेंगराचेंगरीत माणसे मेली, की भांडवली वृत्तपत्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : प्रेक्षक दारू प्याले होते काय? मैदानाला दरवाजे किती होते, मालकाने प्रेक्षकांच्या सुरक्षिततेवर काय खर्च केला होता, पोलिस अधिकाऱ्यांनी कोणते हुकूम सोडले होते, हे प्रश्न मागाहून येतात; पुष्कळदा ते येतच नाहीत. पहिल्या प्रश्नातच निकाल लागून गेलेला असतो.

परभाषेतील बातम्या मराठीत आणणाऱ्याला हा निकाल कसा लागतो ते जवळून दिसते. मैदानावर जमलेल्या माणसांसाठी आपल्याकडे 'प्रेक्षक', 'गर्दी' आणि 'जमाव' असे तीन शब्द आहेत. यांपैकी 'जमाव' या शब्दाला पोलिस दप्तराचा वास येतो : बेकायदा जमाव, जमावबंदी, जमाव पांगविणे. 'प्रेक्षक मरण पावले' असे लिहिले तर वाचक विचारतो, कसे? 'जमावातील काही जण दगावले' असे लिहिले तर तो काहीच विचारीत नाही. कारखान्यात अपघात झाल्यावर 'कामगार दारू पिऊन यंत्रावर आला होता' ही कुजबुज प्रथम कोठून सुरू होते, हे ज्यांनी युनियनमध्ये काम केले आहे त्यांना सांगावयास नको. मैदानावरील मृत्यूंबाबतही नेमके हेच घडते.

दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या प्रेक्षकाची वकिली करण्याचा येथे हेतू नाही. त्याच्याविषयी पुढे बोलूच. परंतु त्याच्या नावाआड कोण लपते, हे आधी पाहिले पाहिजे.

या बाबतीत इंग्लंडमधील शेफील्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानाचे प्रकरण प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावे असे आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी तेथे लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांत एफ. ए. चषकाचा उपांत्य सामना होता. उभ्याने सामना पाहण्याची तिकिटे घेतलेल्या लिव्हरपूलच्या सुमारे दहा हजार प्रेक्षकांना आत घेण्यासाठी अवघी सात फिरती फाटके होती. बाहेर रेटारेटी वाढली तेव्हा पोलिसांनी दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी एक मोठा दरवाजा उघडला. त्यासमोरचा बोगदा मधल्या दोन कप्प्यांत जात होता. ते कप्पे आधीच खचाखच भरले होते. बाजूच्या कप्प्यांत मात्र जागा होती. बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना बाजूला वळविण्याचा हुकूम कोणीही दिला नाही. पुढे मैदानालगत उंच पोलादी जाळी होती, कारण फुटबॉलचा प्रेक्षक हा कोंडून ठेवण्याचा प्राणी आहे, असे त्या काळी सरकार, पोलिस आणि क्लबमालक या तिघांनीही ठरवून टाकले होते. त्या कोंडीत ९७ माणसांचा बळी गेला. त्यांतील शेवटचा जखमी २०२१ साली मरण पावला. सर्वांत लहान मृत मुलगा दहा वर्षांचा होता.

दरवाजा उघडण्यास मंजुरी देणारे पोलिस अधिकारी डेव्हिड डकनफील्ड यांनी त्याच दुपारी फुटबॉल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना सांगितले की, प्रेक्षकांनीच दरवाजा फोडला. मृतांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण तपासण्यात आले. त्यातून लहान मुलेही सुटली नाहीत. चारच दिवसांनी मर्डोक यांच्या 'द सन' या दैनिकाने पहिल्या पानावर छापले की, दारू प्यालेल्या प्रेक्षकांनी मृतांचे खिसे साफ केले आणि पोलिसांवर लघवी केली. या मजकुरावर त्या दैनिकाने मथळा दिला होता : 'सत्य'!

खरे सत्य बाहेर यावयास किती काळ लागला? न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्ट १९८९ मध्येच आपल्या अहवालात पोलिसांचे नियंत्रण ढासळणे हे मुख्य कारण असल्याचे म्हटले होते. तरीही दारूची कहाणी वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यात आली. अखेर २०१२ साली स्वतंत्र समितीने सर्व कागदपत्रे तपासली, तेव्हा उघडकीस आले की, पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार केले होते आणि त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांना प्रतिकूल असलेली विधाने गाळली होती. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीने निर्णय दिला : हे मृत्यू बेकायदा मनुष्यवध होते आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यांत काहीही वाटा नव्हता.

या निर्णयानंतर शिक्षा कोणाला झाली? डकनफील्ड २०१९ साली निर्दोष सुटले. क्लबच्या तत्कालीन सचिवांना सुरक्षाविषयक त्रुटीबद्दल ६,५०० पौंड दंड झाला. जबान्या बदलल्याचा खटला २०२१ साली निकालात निघाला, तो टेलर चौकशी म्हणजे न्यायालयीन कामकाज नव्हे, या कारणास्तव!

हे पोलिस दल कोणते होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. खाणकामगारांच्या ऐतिहासिक संपात, १८ जून १९८४ रोजी, ऑरग्रीव्ह येथे निदर्शक कामगारांवर घोडेस्वार घालण्याच्या कारवाईची सूत्रे याच साउथ यॉर्कशायर पोलिस दलाकडे होती. ९५ कामगारांवर दंगलीसारखे गंभीर आरोप ठेवण्यात आले. १९८५ साली पोलिसांचा पुरावाच विश्वासार्ह नाही असे दिसून आल्यावर खटला कोसळला. एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. संपकरी कामगारांविरुद्ध बनावट जबान्या पचल्या, म्हणूनच पाच वर्षांनी फुटबॉलच्या प्रेक्षकांविरुद्ध त्या रचण्याचे धाडस झाले.

असे केवळ इंग्लंडमध्ये घडते असे नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील मलंग येथे सामना संपल्यावर काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी थेट प्रेक्षागारावर अश्रुधूर सोडला आणि दरवाजांकडे धावणाऱ्यांपैकी १३५ जण मेले. मैदानात अश्रुधूर वापरू नये, असे फिफाचा सुरक्षा-नियम सांगतो. तो मोडणारे हात प्रेक्षकांचे नव्हते.

आता दुसरी बाजू. कामगारवर्गावर होणारी चिखलफेक खोडून काढताना आपण कामगारवस्तीतील गुंडगिरीवर पांघरूण घातले, तर ती आत्मवंचना ठरेल. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्समधील हेझेल मैदानावर याच लिव्हरपूलच्या पाठीराख्यांच्या एका गटाने इटालियन प्रेक्षकांवर चाल केली. भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. मैदान जीर्ण होते, बंदोबस्त ढिसाळ होता, हे सर्व खरे. पण चाल करून जाणारी माणसे होती आणि त्यांतील चौदा जणांना बेल्जियमच्या न्यायालयाने दोषी ठरविले. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता. सकाळपासून दारू पीत बसलेल्या टोळक्यांनी दरवाजांवर हल्ले केले, त्यांत अपंग प्रेक्षकांसाठी असलेले दरवाजेही आले. सुमारे दोन हजार माणसे तिकिटाशिवाय आत शिरली. सामना हरल्यावर रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. हा वर्गसंताप नव्हे. आपल्याच वर्गातील दुर्बळावर हात टाकणारी ही वृत्ती आहे आणि फॅसिस्ट संघटना आपली भरती याच टोळक्यांतून करू पाहतात.

दारूचा प्रश्नही नैतिक उपदेशाने सुटणारा नाही. एंगल्स यांनी १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीचे वर्णन केले, तेव्हा दारूबाजीचे मूळ त्यांनी कामगाराच्या स्वभावात शोधले नाही. अंधाऱ्या खोल्या, अतिश्रम आणि विरंगुळ्याचा अभाव यांत ते दाखवून दिले. आज त्यात एक भर पडली आहे : विरंगुळाच दारूच्या कंपनीच्या मालकीचा झाला आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगला १९९३ ते २००१ या काळात एका बिअरचेच नाव होते. हिंसाचार रोखण्यासाठी ब्राझीलमध्ये मैदानांवर मद्यविक्रीला बंदी होती. २०१४ च्या विश्वचषकासाठी फिफाने दडपण आणले आणि २०१२ साली एका सार्वभौम राष्ट्राच्या संसदेला, पुरस्कर्त्या बिअर कंपनीच्या सोयीसाठी, विशेष कायदा करून ती बंदी बाजूस सारावी लागली. कतारमध्ये २०२२ साली स्पर्धेच्या दोन दिवस आधी मैदानांवरील बिअरविक्री थांबविण्यात आली. ही बंदी सामान्य प्रेक्षकांपुरतीच होती. धनिकांच्या खास कक्षांत मद्य चालूच राहिले. गरिबाने प्यालेली दारू हा सुरक्षिततेचा प्रश्न, आणि श्रीमंताने प्यालेली दारू हे आदरातिथ्य!

आपल्या देशात याहून वेगळे काय आहे? १९९८ पासून कित्येक वर्षे कलकत्त्याचे दोन्ही बलाढ्य संघ, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, एकाच मद्यसम्राटाच्या उद्योगसमूहाची दोन वेगवेगळी नावे मिरवीत होते. गॅलरीत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही बाजूंच्या खिशातील पैसा एकाच तिजोरीत जात होता.

कलकत्त्याचा उल्लेख आला की आपल्याला आत्मपरीक्षण टाळता येत नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी व दगडफेक झाली आणि चेंगराचेंगरीत सोळा जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी राज्यात डाव्या आघाडीचे सरकार होते. थॅचरबाईंच्या पोलिसांना विचारलेला प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे : दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांची बसण्याची सोय कशी केली होती? बाहेर पडण्याचे मार्ग पुरेसे होते काय? सरकार आपले असले म्हणून मेलेल्या तरुणाच्या आईला द्यावयाचे उत्तर बदलत नाही. पुढे १९८४ साली सॉल्ट लेकचे भव्य स्टेडियम उभे राहिले, हे खरे. परंतु डिसेंबर २०१२ मध्ये तेथेही प्रेक्षकांतून फेकलेल्या वस्तूने एक खेळाडू जखमी झाला आणि सामना अर्ध्यावर सोडावा लागला. काँक्रीटने दरवाजे रुंद होतात. शेजारच्या गॅलरीतला माणूस आपलाच आहे ही जाणीव काँक्रीटमधून येत नाही.

ती कोठून येते, हे त्याच स्टेडियमच्या बाहेर १८ ऑगस्ट २०२४ रोजी दिसले. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरवर झालेल्या बलात्कार व खुनाने राज्य पेटले होते. त्या दिवशीचा ड्युरँड चषकाचा सामना, बंदोबस्ताचे कारण सांगून, रद्द करण्यात आला. सामना नव्हता, तरीही मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांचे पाठीराखे रस्त्यावर एकत्र आले, न्यायाची मागणी करीत एकमेकांना खांद्यावर घेऊन उभे राहिले आणि पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्रच खाल्ल्या. ज्यांना वर्षानुवर्षे 'हुल्लडबाज' म्हटले गेले तीच ही माणसे होती. त्यांना बदलणारी गोष्ट एकच होती : समान उद्दिष्ट.

लिव्हरपूलचा अनुभवही हेच सांगतो. तेथील कामगार शहराने 'द सन'वर घातलेला बहिष्कार तीन दशकांहून अधिक काळ टिकला आहे. त्या दैनिकाला २०१२ साली पहिल्या पानावर माफी मागावी लागली. मृतांच्या कुटुंबीयांच्या चिवट लढ्यामुळेच सरकारी अधिकाऱ्यांवर सत्यकथनाचे बंधन घालणारे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडणे सरकारला भाग पडले.

महाराष्ट्रातील साथींना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालीम संघांचे सामने रंगतात, तेव्हा ते मैदान म्हणजे अस्सल लोकांचे मैदान असते. तेथील ईर्ष्या कधीकधी शिवीगाळ व हाणामारीपर्यंत जाते, आणि मग 'फुटबॉलच बंद करा' किंवा 'लाठ्या चालवा' असे दोनच उपाय ऐकू येतात. तिसरा उपाय आपल्या हाती आहे. पेठेतील, तालमीतील आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी प्रतिस्पर्धी संघांच्या पाठीराख्यांसह संयुक्त स्वयंसेवक पथके उभारावीत. पिऊन आलेल्याला त्याच्याच पेठेतल्या मित्राने हाताला धरून घरी न्यावे. जातीवरून वा धर्मावरून घोषणा देणाऱ्याला तेथल्या तेथे गप्प करावे. त्याचबरोबर दरवाजे, जिने आणि प्रेक्षकसंख्या यांची जाहीर तपासणी करण्याची मागणी संयोजकांकडे आणि प्रशासनाकडे लेखी करावी. ही दोन्ही कामे एकाच वेळी करावयाची आहेत. पहिले टाळले तर आपण गुंडाचे वकील ठरू. दुसरे टाळले तर मालकाचे रखवालदार.

यापुढे मैदानावरील मृत्यूची बातमी आपल्या हाती येईल, तेव्हा प्रेक्षक दारू प्याले होते काय, हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याआधी विचारावे : दरवाजा कोणी बंद ठेवला होता, आणि त्याची किल्ली कोणाच्या खिशात होती?