डांबराच्या गोळीतली नीळ

ट्रंकेत लुगडी घडी घालून ठेवताना आपण मधेमधे पांढऱ्या गोळ्या टाकतो. एवढ्या पांढऱ्याशुभ्र वस्तूला डांबराची गोळी का म्हणतात? कारण ती खरोखरच काळ्या डांबराची लेक आहे.

हे डांबर रस्त्यावरचे नव्हे. ते हल्ली खनिज तेलापासून येते. हे दगडी कोळशाचे. पोलादाच्या कारखान्यात कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता, हजार अंशांच्या वर तापवतात. कोळसा जळत नाही. त्याचा कोक होतो आणि वाफा निघतात. त्या निववल्या की डांबर जमते, टनामागे साधारण ३० ते ४० किलो.

हे डांबर पुन्हा उकळतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या अंशाला वाफ होऊन वेगळे निघते: आधी हलकी तेले, मग जंतुनाशकात वापरतात ते फेनॉल, २१८ अंशांच्या सुमारास नॅप्थलीन, म्हणजे आपली गोळी, आणि त्यानंतर अँथ्रासीन. या साऱ्या कुळाला रसायनशास्त्रात 'सुगंधी' म्हणतात. डांबराला कसला सुगंध? पण या कुळातल्या बेंझीनचे नाव आपल्या धुपातल्या ऊदावरून पडले आहे.

आता शेतकऱ्याने ऐकावी अशी गोष्ट. १८९७ साली जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने याच नॅप्थलीनपासून नीळ तयार करून बाजारात आणली. शेतातल्या निळीचा भाव कोसळला. बिहारात चंपारणच्या कुळांवर बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती. गोऱ्या मळेवाल्यांनी तोटा सोसला नाही. 'नीळ लावू नका, पण खंड वाढवून द्या,' असे म्हणून तो कुळांच्या माथी मारला. १९१७ साली गांधीजी तिथे गेले आणि १९१८ च्या कायद्याने ही तीनकठिया पद्धत बंद झाली.

भाव पाडला कारखान्याने; पण भार कुळावर टाकला तो माणसांनी. म्हणून नवे पीक करारावर घेताना एवढे विचारून घ्यावे: उद्या भाव पडला, तर तोटा कोणाचा?

जाता जाता घरच्यांसाठी: ही गोळी धान्यात टाकू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती पोटात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. मुलाने गिळली, तर घरगुती उपायात वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा.