पडक्या शाळेचा वारसा

बडोद्यापाठोपाठ कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांच्या मुलांना इतरांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. नामदार गोखले यांचे तशाच आशयाचे विधेयक १९१२ मध्ये ब्रिटिश सरकारने फेटाळले होते. खेड्यातील जुन्या कौलारू शाळेमागे हा संघर्ष उभा आहे.

किल्ला आणि राजवाडा यांच्या जतनासाठी खाती व कायदे आहेत. शाळेच्या वाट्याला मात्र ‘निर्लेखन’ हा एकच सरकारी शब्द येतो. वर्षानुवर्षे शाकारणी करायची नाही, वासे कुजू द्यायचे आणि मग इमारत धोकादायक ठरवायची, हा क्रम गावोगावी परिचित आहे. शहरही याला अपवाद नाही. पुण्याच्या ज्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, त्याची एवढी दुर्दशा झाली की डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडूनच स्मारकाचा मार्ग मोकळा करावा लागला.

मुलांच्या डोक्यावर मोडके छप्पर ठेवून इतिहास जपावा, असे कोणी म्हणणार नाही. दुरुस्ती शक्य नसेल तेथे नवी खोली बांधलीच पाहिजे. परंतु दुरुस्ती शक्य असताना टाळणे हा मुलांचाही अपराध आहे आणि पूर्वजांचाही. शिवाय शाळा म्हणजे केवळ भिंती नव्हेत. तिच्या कपाटातील जुनी दाखल-खारीज रजिस्टरे आजही जातीच्या दाखल्यासाठी गरिबाचा आधार ठरतात. छप्पर गळते तेव्हा प्रथम तीच भिजतात.

आणि मुलांविना राखलेली शाळा हे जतन नव्हे. २०१७ मध्ये कमी पटाचे कारण देऊन राज्यातील तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. शिक्षण हक्क कायदा मात्र २००९ चा आहे आणि शाळा मुलाच्या घराजवळ असावी हे त्याचे सूत्र आहे. वाडीवरचे मूल ओढा ओलांडून दूरच्या शाळेत जाऊ शकत नाही. त्याचे शिक्षण सुटते, मुलीचे तर आधीच.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तीन मागण्या एकत्र मांडाव्यात : निर्लेखनापूर्वी इमारतीची तज्ज्ञांकडून तपासणी, जुन्या रजिस्टरांच्या प्रती आणि चालू शाळेला पुरेसे शिक्षक. ज्या उंबरठ्यावर एके काळी दलित मुलांना थांबविले जाई, तो ओलांडण्याचा हक्क मोठ्या कष्टाने मिळाला आहे. त्या उंबरठ्याला कुलूप लागू न देणे हेच त्याचे खरे स्मारक होय.