खिशातला विस्तव

एखाद्या वस्तूवर बंदी घातली की ती वस्तू जगातून नाहीशी होते, अशी राज्यकर्त्यांची समजूत फार जुनी आहे. तंबाखूचेच उदाहरण घ्यावे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ही वनस्पती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, विजापूरच्या दरबारात रुळली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग या दरबारी गृहस्थाने ती विजापुराहून नेऊन अकबर बादशहापुढे ठेवली. अकबराच्या पुत्राने, जहांगीराने, १६१७ साली धूम्रपानास मनाई करणारे फर्मान काढले. फर्मान दप्तरात राहिले आणि तंबाखू घराघरांत शिरली. त्यानंतर चार शतकांनी त्याच व्यसनाचा विजेवर चालणारा अवतार आपल्या दारात उभा आहे, आणि त्याच्याशी आपण पुन्हा केवळ फर्मानाच्याच बळावर लढू पाहत आहोत.

ई-सिगारेटवर बंदी घालणारा वटहुकूम केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी काढला. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले आणि त्याचा कायदा झाला. शेजारच्या कर्नाटकाने तर २०१६ सालीच आपल्यापुरती बंदी जाहीर केली होती. केंद्रीय कायद्यान्वये या वस्तूचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सारे गुन्हे ठरले. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा अपराध घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा कडक आहे यात संशय नाही, आणि त्यामागील हेतूविषयीही आम्हांस शंका नाही. कोवळ्या वयाच्या मुलांना फळांच्या सुगंधात घोळवलेले निकोटीन विकणाऱ्या व्यापाराची कड घेण्याचे कारण कोणाही विचारी माणसाला नाही.

परंतु कायदा झाला म्हणून माल थांबला काय? खुद्द केंद्रीय आरोग्य मंत्रालयालाच मे २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून या कायद्याची अंमलबजावणी काटेकोरपणे करण्याविषयी बजावावे लागले. बंदी असूनही माल बाजारात सहज मिळतो, याची ती कबुलीच होती. चोरटा माल आपल्या प्रदेशाला नवा नव्हे. गोवा मुक्त होण्यापूर्वीच्या वर्षांत सीमेवरून काय काय इकडचे तिकडे होत असे, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. मात्र त्या काळच्या चोरट्या घड्याळांत आणि आजच्या या नळकांडीत एक मोठा फरक आहे. घड्याळ बिघडले तर ते बंद पडत असे. ही नळकांडी बिघडली तर पेट घेते.

या उपकरणातील धुराविषयी आणि निकोटीनविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. त्यातील बॅटरीविषयी मात्र कोणी बोलत नाही, म्हणून आज तो विषय आम्ही घेतला आहे. ही लिथियम-आयन जातीची बॅटरी. सोनी कंपनीने १९९१ साली ती बाजारात आणली आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भ्रमणध्वनी आणि विजेवरची वाहने यांना हीच जात चालविते. म्हणजे दोष बॅटरीच्या जातीत नाही. तो तिच्या घडणीत आणि हाताळणीत आहे. या बॅटरीच्या पोटात दोन ध्रुवांमध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्रव असतो. पडदा फाटला किंवा वितळला की दोन्ही ध्रुव परस्परांस भिडतात, उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने रसायने फुटून आणखी उष्णता निर्माण होते, आणि ही साखळी एकदा सुरू झाली की बाहेरून कळ दाबून ती थांबविता येत नाही. भ्रमणध्वनीची चपटी बॅटरी बहुधा फुगते. ई-सिगारेटमध्ये ती अरुंद, बंद नळीत कोंडलेली असल्याने दाब टोकाकडून फुटतो आणि उपकरण बंदुकीच्या गोळीसारखे उडू शकते.

ही कल्पनेतील भीती नव्हे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील अशा १९५ घटनांची नोंद केली. त्यांत १३३ माणसे जखमी झाली, त्यांपैकी ३८ गंभीररीत्या. ६१ घटना उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात असताना घडल्या, ६० वापरताना आणि ४८ चार्जिंग चालू असताना. पुढे २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये एकेका माणसाचा अशा स्फोटाने बळी गेला. २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत अशा भाजण्याचे आणि स्फोटाचे दोन हजारांहून अधिक रुग्ण आले असावेत, असा तेथील संशोधकांचा अंदाज आहे. जेथे हा माल उघडपणे दुकानात मिळतो, तेथील ही कथा आहे. जेथे तो कोणी, कोठे, कशापासून बनविला याचा पत्ताच नसतो, तेथे काय होत असेल, याची मोजदाद तरी कोण करणार?

या उपकरणाच्या नादी नव्याने लागलेल्या तरुणाची पहिली अडचण असते ती म्हणजे ते चालत नाही. आता, चालत नाही याचे सर्वच प्रकार भयावह नसतात. पुष्कळ उपकरणांत कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की ते बंद होते आणि तशीच दाबली की सुरू होते. कित्येकदा ते नुसते असे बंद झालेले असते. कधी टाकी आणि बॅटरी यांच्या जोडावर पाझरलेल्या द्रवाचा थर बसून वीज पोचत नाही, कधी आतले तापणारे वेटोळे तुटलेले असते, कधी चार्जिंगची तार निकामी असते. दिवा लुकलुकतो तेव्हा बहुधा आतील संरक्षक यंत्रणा सांगत असते की वीज संपली, नाहीतर कोठेतरी शॉर्ट सर्किट झाले. हा इशारा आहे. मात्र त्यावर मात करण्याच्या भरात नवशिक्या माणूस जे करतो, त्यातून संकट ओढवते. तो भलताच चार्जर लावतो, रात्रभर उशीशी ठेवून देतो, नाहीतर बॅटरी काढून दुसरी कोठली तरी बसवितो. काही जुन्या धर्तीच्या उपकरणांत तर संरक्षक यंत्रणाच नसते. साधे गणित करून पाहावे. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब ४.२ व्होल्ट असतो. वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम असेल तर सुमारे साडेआठ अँपिअर प्रवाह वाहील. तोच रोध ०.१ ओहमवर आणला की प्रवाह ४२ अँपिअर होईल. अशा नळीत बसणाऱ्या बहुतेक बॅटऱ्या एवढा भार सोसण्यासाठी घडविलेल्याच नसतात.

बॅटरीची काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच दुरुस्तीचा विचारही मनात आणू नये. वापर चालू नसताना ती तापणे, फुगणे, सूं असा आवाज येणे, रसायनाचा गोडसर वास सुटणे, वरचे वेष्टन फाटणे, पोचा पडणे, पाण्यात भिजणे, ही ती लक्षणे होत. महिनोन् महिने रिकामी पडून राहिलेली बॅटरी पुन्हा चार्ज करून जिवंत करण्याचा उद्योगही तितकाच घातक, कारण दाब फारच खाली गेल्यावर आतील तांबे विरघळून पुढे भलत्याच जागी साचू शकते. सुटी बॅटरी किल्ल्या आणि नाणी असलेल्या खिशात टाकणे म्हणजे खिशात विस्तव बाळगणे होय. धातूने दोन्ही टोके जोडली गेली की पुढचे काम ती स्वतःच करते. विमानात हे उपकरण सामानाच्या तळघरात ठेवण्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ सालीच मनाई केली, ती यासाठीच.

आपण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. येथील हवा खारी आणि दमट. धातूच्या जोडांवर गंज चढण्यास येथे एक पावसाळा पुरेसा होतो. मिठाचे पाणी वीजवाहक असते. लिथियमच्या बॅटरीत ते शिरले तर आग ताबडतोब नव्हे, तर काही दिवसांनीही लागू शकते. २०२२ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या मोटारींनी असाच पेट घेतला होता. समुद्रस्नानाच्या वेळी खिशात भिजलेली नळकांडी उन्हात वाळवून पुन्हा वापरावी, असा विचार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता कोणी म्हणेल की, निषिद्ध वस्तूविषयी अशी माहिती देणे म्हणजे तिला उत्तेजन देणे होय. या आक्षेपात वजन आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. व्यसन सुरक्षित करून दिले की ते फोफावते, हे काही अंशी खरे. परंतु आगीला कायदा वाचता येत नाही. ती अपराध्याला जाळते आणि त्याच खोलीत निजलेल्या धाकट्या बहिणीलाही जाळते. कुंपण घातले म्हणून विहिरीवर कठडा नको, असे शहाणा गावकरी म्हणत नाही. मुलाने कुंपण ओलांडले हा त्याचा अपराध. पण तो विहिरीत पडू नये याची काळजी वाहणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य राहतेच. बंदी आणि सावधगिरी या गोष्टी परस्परविरोधी नाहीत. विरोधी भासतात त्या केवळ आपल्या सोयीमुळे, कारण बंदी घातली की उरलेल्या जबाबदारीतून मोकळे झालो, असे शासनाला वाटू लागते.

आणि नेमके हेच घडले आहे. जी वस्तू कायद्याने अस्तित्वातच नाही, तिच्या बॅटरीचा दर्जा कोण तपासणार? भ्रमणध्वनीच्या बॅटरीला भारतीय मानक संस्थेच्या कसोटीतून जावे लागते. या चोरट्या नळकांडीला कोणतीच कसोटी नाही. बिघडली तर तक्रार कोणाकडे करावयाची? विकणाऱ्याने पावती दिलेली नसते. घरी सांगावे तर मार, शाळेत सांगावे तर नाव काढून टाकण्याची भीती, पोलिसांना सांगण्याचा प्रश्नच नाही. मग मुलगा काय करतो? तापलेले, फुगलेले उपकरण कपाटात कपड्यांखाली दडवितो. लपवून ठेवण्यास याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. आणि दुर्दैवाने भाजलेच, तर डॉक्टरांना गरम पाणी सांडले म्हणून सांगतो. या स्फोटात उष्णतेबरोबरच रसायनांनीही कातडी जळते आणि रसायनांनी भाजल्यावर उपचाराची दिशा बदलू शकते, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसते. ज्या डॉक्टरापुढे खरे सांगितले असता जखम लवकर भरली असती, त्याच्यापुढे खोटे बोलण्याची पाळी आणणारा धाक कायद्याला अभिप्रेत होता, असे आम्ही मानत नाही.

कचऱ्याचा प्रश्नही याच माळेतला. एकदा वापरून फेकावयाच्या नळकांडीतही पुन्हा पुन्हा चार्ज होऊ शकणारीच बॅटरी असते. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२३ साली अशा फेकलेल्या बॅटऱ्या तपासल्या, तेव्हा त्या साडेचारशेहून अधिक वेळा चार्ज होऊ शकतात असे आढळले. त्या देशाने १ जून २०२५ पासून फेकाऊ उपकरणांच्या विक्रीवर बंदी घातली, त्याचे एक प्रमुख कारण हा कचराच होते. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण येथे उत्पादक कोण? त्याचा ठावठिकाणा नाही. म्हणून ही नळकांडी ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जाते, तेथून पालिकेच्या गाडीत दाबली जाते, आणि तिच्यापाशी हात घालतो तो दिवसाच्या रोजावर कचरा वेगळा करणारा मजूर. व्यसन एकाचे, भाजणार दुसराच.

करावे काय? मार्ग कायद्यातच आहे. २०१९ साली बंदी लागू झाली तेव्हा ज्यांच्यापाशी साठा होता त्यांनी त्याची यादी करून तो जवळच्या अधिकाऱ्याकडे जमा करावा, अशी तरतूद कायद्यानेच केली होती. तिचा आत्मा आज पुन्हा जागविता येईल. पंचायती आणि नगरपालिका यांनी खराब बॅटऱ्या नाव-गाव न विचारता स्वीकारणारी केंद्रे उघडावीत. अग्निशमन दलाने शाळा-महाविद्यालयांत जाऊन, नीतीचे प्रवचन न देता, लिथियमच्या बॅटरीची आग कशी ओळखावी आणि तिच्यापासून कसे दूर सरावे, हे दाखवावे. हे ज्ञान भ्रमणध्वनी आणि स्कूटर बाळगणाऱ्या प्रत्येक घराला हवेच आहे. रुग्णालयांनी उपचाराचा कागद आणि पोलिसांचा कागद यांत अंतर राखावे. आणि सरकारने आपला हात खिशात नळकांडी बाळगणाऱ्या पोरापेक्षा ती पेट्यांनी उतरवून घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या मानगुटीवर अधिक घट्ट ठेवावा.

आईबापांनाही दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. मुलाच्या खिशात ही वस्तू सापडली तर संताप येणे स्वाभाविक आहे. पण ती हिसकावून भिंतीवर आपटू नका, चुलीत टाकू नका, विहिरीत फेकू नका. ती गरम किंवा फुगलेली असेल तर हात न लावता सर्वांना खोलीबाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. थंड असेल तर घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर, मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात ठेवा. मुलाची कानउघाडणी त्यानंतर करावी. तीही अशी करावी की पुढच्या वेळी संकट आले तर त्याची पावले घराकडेच वळतील.

जहांगीराच्या फर्मानाने तंबाखू थांबली नाही, आणि २०१९ च्या कायद्यानेही हा विजेचा धूर पुरता थांबलेला नाही. म्हणून कायदा रद्द करा असे आम्ही म्हणत नाही. तो असलाच पाहिजे. मात्र कायद्याचे काम जेथे संपते तेथे समाजाचे काम सुरू होते, आणि ते काम न करता केवळ कायद्याकडे बोट दाखविणारा समाज आपल्याच मुलांना विस्तवाच्या सोबतीत एकटे सोडतो. तेवढे तरी गोमंतकाने करू नये.