म्हातारचळ म्हणून सोडू नका

बिरवाडीत म्हातारी वाट चुकली की आम्ही ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे! 1906 सालीच डॉ. आल्झायमर यांनी यामागचा मेंदूचा रोग दाखवला. 2023 च्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत शेकडा 7.4 जणांना स्मृतिभ्रंश आहे, तोही शहरापेक्षा खेड्यात अधिक. पण जिने पाटी कधी धरली नाही, त्या आजीची स्मृती तारीख विचारून कशी मोजणार? भातलावणीपासून झोडणीपर्यंतचा क्रम तिच्याच बोलीत विचारणारा इथला पदवीधर हवा. संशोधन शिकायच्या दोन वर्षांत त्याला पोसणार कोण? म्हणून तो मुंबई गाठतो. महाड औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांनो, 2013 च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातला शेकडा दोन वाटा समाजकार्याचा आहे. मी कमान मागत नाही, मंडप मागत नाही. दरसाल दोन पदवीधरांचे विद्यावेतन मागतो.