घरबसल्या कोण कमावते?

‘घरबसल्या कमवा’ हे दोन शब्द मराठी वाचकाच्या फार जुन्या ओळखीचे आहेत. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यात ते हमखास असत. अगरबत्त्या वळा, मेणबत्त्या करा, पाकिटांवर पत्ते लिहा, शिवणकाम करा. आणि खाली माहितीपत्रकासाठी मनिऑर्डर पाठवण्याची सूचना. यातल्या काही जाहिराती खऱ्या असत, बऱ्याच फसव्याही असत. पण कमवायचे तर हात हलवावे लागतील, एवढे तरी त्या उघडपणे सांगत. गेल्या दहा वर्षांत हाच निरोप वेगळ्या वाटेने घरात आला. ती वाट दिवाणखान्यातल्या टीव्हीवरून, क्रिकेटच्या सामन्यातून येत होती. या वेळी हात हलवायची गरज नव्हती, अंगठा पुरेसा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ती वाट बंद केली. तरीही ती आपल्या घरापर्यंत कशी पोहोचली आणि आपण दार का उघडले, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. तो घरातच सोडवावा लागेल.

टीव्हीवरचा खेळ आपल्याकडे आला तेव्हा तो फुकट होता. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. पुढच्याच वर्षी, २५ जून १९८३ रोजी, कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर १८३ धावा करूनही वेस्ट इंडिजला १४० धावांत गुंडाळले. चाळीत एका घरात टीव्ही असे आणि सगळा मजला त्या खोलीत मावत असे. यजमानाला भुर्दंड पडे तो चहा-साखरेचा. सामना संपला की माणसे आपापल्या घरी जात, आणि कोणाच्याही खिशातून एक पैसा गेलेला नसे.

तेव्हा खेळ दाखवणे हा धंदा आहे, हे दाखवणाऱ्यालाही पुरते उमगले नव्हते. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो कप भरवला, तेव्हा प्रक्षेपणासाठी दूरदर्शनने उलट संघटनेकडेच सामन्यामागे पाच लाख रुपये मागितले होते. ते भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारचीही मक्तेदारी नाही, असा निर्णय दिला. निर्णय नागरिकाच्या माहितीच्या हक्काचा होता. त्या उघडलेल्या दारातून बाजारही आत आला. २०२२ साली आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला, तो ४८,३९० कोटी रुपयांना. ४१० सामन्यांनी भागले तर एका सामन्याचे ११८ कोटी होतात. एकोणतीस वर्षांपूर्वी ज्या सामन्याच्या प्रक्षेपणासाठी आयोजकाकडे पाच लाख मागितले गेले होते, त्याच प्रकारच्या सामन्यासाठी आता आयोजकाला ११८ कोटी मिळू लागले.

हे पैसे कोठून येतात? काही वर्गणीतून येतात, बाकीचे जाहिरातदार देतो. आणि जाहिरातदार एवढे पैसे देतो ते चौकार-षटकारांसाठी नव्हे. त्याला आपल्या घरातली संध्याकाळची साडेसात ते अकरा ही वेळ हवी असते. आई, वडील, मुले एका जागी बसलेली असतात, लक्ष एकाच दिशेला असते आणि मन थोडे उत्तेजित असते. दुकानदाराला असे गिऱ्हाईक एरवी मिळणे कठीण.

या पैशाने काहीच भले झाले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. चांगल्या खेळाडूला जास्तीत जास्त रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी मिळे. २०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून मोठी बोली लागली. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला त्याच वर्षी महिलांच्या पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा घराघरांतल्या मुली तो सामना पाहत होत्या. टीव्हीने खेळणाऱ्याला दाम दिला. तो योग्यच होता.

प्रश्न उरला तो पाहणाऱ्याचा. समोर कोट्यवधींची उलाढाल दिसते आहे, खेळाडूची किंमत लिलावात पुकारली जाते आहे, आणि आपण मात्र कोचावर बसून नुसत्या टाळ्या वाजवतो आहोत. ‘क्रिकेटमधले आपल्यालाही कळते’ हा तर आपल्या प्रत्येकाचा ठाम समज. त्याच समजाला पैशाचे मोल लावून देणारा धंदा उभा राहिला: कल्पनेतला संघ निवडा, प्रवेश शुल्क भरा, आणि प्रत्यक्ष सामन्यात तुमचे खेळाडू जसे खेळतील तसे गुण आणि बक्षीस मिळवा. ही कल्पना तशी जुनी होती. ती घराघरांत पोहोचली ती २०१६ नंतर. त्या वर्षी यूपीआय सुरू झाले आणि त्याच वर्षी मोबाइलवरचे इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. सामना, पैसे आणि पैसे भरण्याची खिडकी ही तिन्ही एकाच तळहातावर आली. २०२० साली अशाच एका खेळाची कंपनी, ड्रीम११, २२२ कोटी देऊन आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली. २०२३ साली तिचे नाव भारतीय संघाच्या छातीवर आले. ज्या गोष्टीला आजोबांच्या काळी घरात चोरून नाव घ्यावे लागे, तिच्यासारखे काहीतरी आता देशाच्या गणवेशावर लिहिलेले होते. मग घरातल्या मुलाने ते गैर का मानावे?

बँकेच्या खुर्चीत बसून आयुष्य काढलेल्या माणसाला अशा वेळी आकडेमोड सुचते. समजा, शंभर जणांनी पन्नास-पन्नास रुपये भरले. पाच हजार जमले. चालवणाऱ्याने त्यातले पंधरा टक्के, म्हणजे साडेसातशे, स्वतःला ठेवले. उरलेले सव्वाचार हजार बक्षिसांत वाटले. शंभर जणांना मिळून साडेसातशेचा तोटा झाला, हे सामन्याचा पहिला चेंडू पडण्यापूर्वीच ठरलेले आहे. एका हंगामात चौऱ्याहत्तर सामने. रोज एकच संघ लावला तरी माणशी तीन हजार सातशे रुपये जातात आणि सरासरीने तीन हजार एकशे पंचेचाळीस परत येतात. प्रत्यक्षात ही सरासरीही कोणाच्या वाट्याला येत नाही. थोडे जण बरेच नेतात आणि बाकीचे भरत राहतात. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर होता. एवढे सगळे जाऊन जे उरते त्याला ‘कमाई’ म्हणायला फार मोठे मन लागते.

यावर उत्तर दिले जाई की हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. हा वाद आपल्याकडे जुना आहे. पन्नासच्या दशकात बक्षिसांची शब्दकोडी घरोघरी भरली जात. शुल्क पाठवायचे, कोडे सोडवायचे, हजारोंची स्वप्ने पाहायची. १९५५ साली केंद्राने कायदा करून अशा बक्षिसांना महिन्याला हजार रुपयांची मर्यादा घातली. चमारबागवाला यांच्या खटल्यांत १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत रेघ ओढली. साठच्या दशकात मुंबईत मटका फोफावला. त्याची सुरुवातही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-मिटत्या भावांवरून झाली होती, आणि भावाचा ‘अभ्यास’ करणारे तेव्हाही होतेच. कल्पनेतल्या संघाच्या खेळाला पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली कौशल्याचा खेळ मानले.

न्यायालयाचे म्हणणे आपण मान्य करू. पण ते मान्य केले की सामान्य माणसाची स्थिती अधिकच वाईट होते, हे लक्षात कोण घेतो? सोडतीत नवख्याला आणि मुरलेल्याला सारखीच संधी असते. कौशल्याच्या खेळात नवखा हरतोच. गल्लीतल्या पोराने रोज सराव करणाऱ्या पैलवानाशी पैसे लावून कुस्ती खेळावी, तसे ते आहे. दिवसभर कचेरीत राबून आल्यावर संघ निवडणाऱ्या गृहस्थासमोर, आकडेवारीची कोष्टके मांडून एकाच सामन्यात अनेक संघ लावणारा माणूस बसलेला असू शकतो. तो दिसत नाही, एवढेच.

जाहिरातींच्या मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून नियम केला होता की पैशांचे ऑनलाइन खेळ हे उत्पन्नाचे साधन किंवा नोकरीला पर्याय म्हणून दाखवू नयेत, आणि आर्थिक जोखमीचा व व्यसनाचा इशारा द्यावा. इशारा दिला जाई. तो इतक्या वेगाने वाचला जाई की कानाला नुसती खरखर ऐकू येई. त्याआधीचा हसरा, ओळखीचा चेहरा मात्र सावकाश बोले.

मी नोकरीत होतो तेव्हा पैसे काढायचे म्हणजे पावती भरायची, सही जुळवून घ्यायची, पितळी टोकन घेऊन बाकावर बसायचे. लोक त्या उशिरावर वैतागत, आणि तो वैताग रास्त होता. पण त्या बाकावर बसलेल्या वीस मिनिटांत कित्येकांचे विचार बदलत. काही जण टोकन परत करून घरी जात. आता तो बाक राहिला नाही. सोय झाली, हे खरेच. तिच्याबरोबर विचार करण्याची सक्तीची उसंतही गेली. आणि पासबुकात एकदम मोठी रक्कम गेली तर घरात विचारणा होते. एकोणपन्नास, नव्याण्णव, एकशे नव्याण्णव अशा चाळीस नोंदी कोणी वाचत नाही. पुढे मोबाइलवरून घेतलेले झटपट कर्ज, मग ते फेडायला दुसरे कर्ज, आणि शेवटी घरात बोलण्याची भीती. तोटा पैशाचा असतो, तो भरून निघतो. घरातला जो मुलगा बोलेनासा होतो, त्याचे नुकसान मोजायला पासबुकात रकाना नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभा आणि राज्यसभा यांनी दोन दिवसांत विधेयक मंजूर केले, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. पैसे वळते करणाऱ्या बँकांवरही जबाबदारी. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि हे शहाणपणाचे आहे. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारच्या बाजूने सांगितला गेला. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ लगेच थांबवले, आणि सप्टेंबरातल्या आशिया चषकात भारतीय संघ छातीवर प्रायोजकाचे नाव नसताना खेळला. या धंद्यातल्या अनेक तरुणांच्या नोकऱ्या गेल्या, हीही खरी हानी आहे. कायद्याला आव्हान देणारी प्रकरणे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतली. बंदीमुळे माणसे परदेशी, बेकायदा ठिकाणी वळतील, हा विरोधकांचा आक्षेपही झटकून टाकण्यासारखा नाही. मटका बंदीने संपला नव्हता.

म्हणून घराला स्वतःची कसोटी हवी. ती फार अवघड नाही. कमाई म्हणून काही समोर आले की विचारावे: मी यात काय देतो, आणि ते कोणाच्या उपयोगाचे आहे? मार्च १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जतचा व्याप उभा राहिला. त्यांनीही पैसे घातले होते, पण त्या पैशांची कणीक झाली, पापड झाले, ते कोणीतरी खाल्ले. शिलाई यंत्र घेणारीही पैसे घालते; धंदा बसला तरी यंत्र घरात राहते. सामन्याच्या संघात घातलेल्या पन्नास रुपयांचे अकरा वाजता काय उरते?

आणि एक गोष्ट, जी आपल्या घरांत अजून पुरती बोलली जात नाही. दिवाणखान्यात सामना रंगतो तेव्हा आतल्या खोलीत बहुतेक वेळा कोणी तरी फॉल-पिको करत असते, उद्याच्या डब्यांची भाजी निवडत असते, शिकवणीच्या वह्या तपासत असते. ही खरी घरबसल्या कमाई. तिला पगाराचा दाखला नाही, म्हणून कर्जाच्या अर्जावर ती नीट दिसत नाही, आणि घरच्या बोलण्यातही तिला ‘हातखर्च’ म्हणतात. उलट कोणा दूरच्या माणसाला संघ लावून लाखो मिळाले, ही बातमी जेवताना चार वेळा सांगितली जाते. मुले हे ऐकत असतात. कोणत्या पैशाला घरात मान आहे, हे ती आपल्या उपदेशापेक्षा या बोलण्यावरून लवकर शिकतात.

सामने येत राहतील, आणि ते पाहावेत. पापडाच्या तुकड्याबरोबर, शेजाऱ्याशी वाद घालत, ओरडत पाहावेत. त्यातला आनंद फुकट मिळत होता तेव्हा तो कमी नव्हता. महिन्यातून एकदा मात्र घरातल्या सगळ्यांनी खात्याचा उतारा समोर घेऊन बसावे, लहान नोंदींसकट तो मोठ्याने वाचावा. आतल्या खोलीतल्या कमाईची नोंदही त्याच वहीत, त्याच शाईने करावी. आणि एखादी नोंद वाचताना मुलाचा चेहरा उतरला, तर आधी रक्कम विचारू नये. त्याला बोलू द्यावे. गरज वाटली तर १४४१६ या सरकारच्या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन करायलाही संकोच करू नये. पैशाचा हिशेब दुसऱ्या दिवशीही करता येतो.