घाटात गाडी दम टाकण्याआधी

गणपतीला गावी निघायचं ठरलं की तुम्ही टायर बघता, ब्रेक बघता, वायपरची रबरं बदलता. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून आठवतं. फ्युएल फिल्टर दिसत नाही. तो आठवतो तो थेट ताम्हिणीच्या नाहीतर आंबा घाटाच्या चढावर, मागून एसटी हॉर्न मारत असताना. गाडीत म्हातारी माणसं, पोरंबाळं, बाहेर मुसळधार. ही पाळी टाळता येते, आणि फार खर्चाशिवाय टाळता येते.

फिल्टरचं काम चहाच्या गाळणीचं. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलमधला गंज, माती, चिकट गाळ तो अडवतो. आत घड्या घातलेला खास कागद असतो. पुढे इंजेक्टरची भोकं अतिशय बारीक असतात. तिथे कचरा पोचला तर खर्च फिल्टरच्या कितीतरी पट होतो.

आधी एक गोष्ट करा. तुमच्या गाडीत फिल्टर कुठे आहे ते माहीत करून घ्या. जुन्या गाड्यांत तो बहुधा बाहेर असतो, टाकीजवळ गाडीखाली किंवा बॉनेटमध्ये. आजच्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांत तो टाकीतच, पंपाला जोडलेला असतो. काहींत मागच्या सीटखालचं झाकण काढून तिथे पोचता येतं, काहींत टाकीच खाली उतरवावी लागते. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीला लागलेला खर्च तुमच्या गाडीला लावू नका. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढा. फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा ते बहुधा त्यात असतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चाला.

आता लक्षणं. फिल्टर चोक होत आला तरी गाडी गावात नीट चालते. सिग्नलला नीट उभी राहते. कारण तेव्हा इंजिनाला थोडंच पेट्रोल लागतं. चढ लागला, एसी चालू, चार माणसं बसलेली, तुम्ही पाय दाबता आणि गाडी उचलतच नाही. झटके मारते. पाय सोडला की पुन्हा सावरते. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो.

पण एवढ्यावरून फिल्टरवर आळ घेऊ नका. प्लग खराब झाला, एअर फिल्टर मातीने भरला, तरी गाडी अशीच वागते. क्लच घासला असेल तर ओळख वेगळी: इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र पुढे सरकत नाही. पेट्रोल कमी पडत असेल तर आवाजच चढत नाही. हा फरक मेकॅनिकला सांगा, त्याचा निम्मा वेळ वाचेल. आणि तो सरळ ‘पंप गेला’ म्हणाला, तर प्रेशर मोजून बघितलं का, हे विचारा. पंप महाग असतो. विचारण्यात कमीपणा नाही.

डिझेलची गाडी असेल तर जास्त जपा. डिझेलच्या फिल्टरला दुसरंही काम असतं, पाणी वेगळं करण्याचं. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसतं. बऱ्याच फिल्टरना ते सोडायला खाली स्क्रू असतो. पावसाळ्याआधी मेकॅनिककडून ते काचेच्या बरणीत काढून घ्या आणि बरणी थोडा वेळ हलवू नका. वर पिवळसर डिझेल, खाली पाण्याचा थर, मधे सरळ रेघ. एकदा बघितलंत की पुन्हा कुणी सांगायला नको. डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, बंद करा, मदत बोलवा. ते पाणी पंप आणि इंजेक्टर दोन्ही खातं.

फिल्टर बदलल्यावर डिझेल गाडी सुरू होत नसेल तर बहुतेक तिने एअर पकडलेली असते. उगाच सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरेल. आधी एअर काढून घ्या.

पेट्रोलवाल्यांनी पाण्याची वेगळी काळजी घ्यायची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाच्या पट्ट्यातून ते मोठ्या प्रमाणावर येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पचवतं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी जातात आणि गाडी सुरूच होत नाही. शिवाय जुन्या टाकीच्या भिंतीवर बसलेला मळ इथेनॉलने सुटू शकतो आणि तो थेट फिल्टरमध्ये येतो. म्हणून जुनी गाडी असेल तर फिल्टर जरा लवकर बदला. त्याच वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघून घ्या. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं असेल तर तेही बदला. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

सीएनजीवाल्यांची एक सवय मोडायला हवी. पेट्रोल जेमतेम ठेवायचं आणि तेच कित्येक महिने टाकीत पडू द्यायचं. बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात. टाकीत थोडं तरी ताजं पेट्रोल ठेवा आणि अधूनमधून गाडी त्यावर चालवा.

‘रिझर्व्हला लागली की तळाचा गाळ ओढते’ असं सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. पेट्रोल नेहमी तळाजवळूनच ओढलं जातं, टाकी भरलेली असो वा नसो. रिझर्व्हवर चालवू नये याचं खरं कारण म्हणजे टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. पाव टाकीच्या खाली सहसा जाऊ देऊ नका.

पेट्रोल पंपावर भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा. तो ग्राहकाला द्यावाच लागतो. नोझलचं टोक पुसून एक थेंब कागदावर टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग उरत नाही. डाग राहिला तर तक्रार करा.

फिल्टर घरी स्वतः बदलू नका. गाडी बंद असली तरी पेट्रोलच्या लाईनमध्ये दाब असतो. जोड सोडला की पेट्रोल फवाऱ्यासारखं अंगावर येतं, आणि इंजिन गरम असेल तर आग लागू शकते. जुना फिल्टर हवेने फुंकून पुन्हा बसवण्याचा सल्लाही ऐकू नका. कागदात रुतलेला मळ असा निघत नाही, कागद मात्र फाटतो. बाहेरच्या फिल्टरवर बाण असतो. तो इंजिनाच्या दिशेने बसलाय ना, हे उभं राहून बघा. जुना फिल्टर परत मागा, बिलावर किलोमीटर लिहून घ्या.

आणि हे काम निघण्याच्या आदल्या संध्याकाळी करू नका. आठवडाभर आधी करा. मग रोज सकाळी गाडीखाली डाग दिसतो का बघा, पेट्रोलचा वास येतो का बघा. वास आला तर सेल्फ मारू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा. एखादी क्लिप सैल राहिली असेल तर ती या आठवड्यात दारातच कळते.