कोणता क्लास लावावा?

दोन म्हाताऱ्या बापांना मुलांची चिंता लागली आहे. दोघांचेही वडील अथेन्सचे नामांकित पुढारी. हे दोघे मात्र तसेच राहिले. वडील जगाची कामं करत राहिले, आमच्याकडे कुणी पाहिलंच नाही, असं ते मोकळेपणी सांगतात. मुलांचं तरी तसं होऊ नये. शहरात चिलखत घालून लढण्याचे धडे देणारा एक गुरुजी आला आहे. लावावा का त्याचा क्लास?

प्लेटोचा ‘लाखेस’ हा संवाद इथून सुरू होतो. ग्रीक तत्त्वज्ञान म्हटलं की संगमरवरी पुतळा आणि त्याखाली सुविचार, हे आता रोज सकाळी मोबाइलवर येतं. यंदाच्या दिवाळी अंकात या विषयावर विभाग करायचं ठरलं, तेव्हा सुविचार बाजूला ठेवून असल्या घरगुती अडचणींपाशी जावंसं वाटलं.

सल्ल्याला दोन सेनापती बोलावलेत. निकियास म्हणतो, जरूर पाठवा. लाखेस म्हणतो, छे! त्या गुरुजींना मी खऱ्या लढाईत पाहिलंय. त्यांनी भाल्याला विळा जोडून बनवलेलं हत्यार दुसऱ्या गलबताच्या दोरखंडांत अडकलं, ते सोडवायला हे डेकभर धावले आणि दोन्हीकडचे लोक हसून बेजार झाले! मतं एकास एक झाली. तुमचं मत कुणाला, असं सॉक्रेटिसला विचारलं, तर तो म्हणतो, हे डोकी मोजून ठरवायचं नसतं. मुलांना शूर करायचंय ना? मग शौर्य म्हणजे काय ते आधी सांगा. लाखेसला ते सोपं वाटतं : जागा न सोडता लढतो तो शूर. थोड्याच वेळात तो चिडलेला असतो. मनात आहे, पण शब्दांत सापडत नाही, म्हणतो. शेवटी सॉक्रेटिससकट कुणालाच उत्तर मिळत नाही. आधी आपल्यालाच शिक्षक शोधू, असं सॉक्रेटिस सुचवतो आणि बैठक दुसऱ्या दिवसावर जाते.

निकियासची व्याख्या मात्र वजनदार होती : कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये, हे कळणं म्हणजे शौर्य. तिचं मूळ त्याने सॉक्रेटिसच्याच तोंडून ऐकलं होतं. तिची उलटतपासणी चालू असताना सॉक्रेटिस जाता जाता म्हणतो की, कायद्याने सेनापतीचा हुकूम ज्योतिष्यावर चालतो, ज्योतिष्याचा सेनापतीवर नाही. प्लेटोच्या वाचकांना हे चांगलंच झोंबलं असणार. इ.स.पू. 413 मध्ये सिराक्यूजला मार खाल्लेलं अथेन्सचं सैन्य माघारी निघण्याच्या बेतात होतं आणि चंद्रग्रहण लागलं. ज्योतिष्यांनी सत्तावीस दिवस थांबायला सांगितलं. सेनापती होता हाच निकियास; तो थांबला. शत्रूने बंदराचं तोंड बंद केलं. पुढे निकियास मारला गेला आणि किमान 7,000 कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले.

ऐकून पाठ केलेलं शहाणपण त्या रात्री उपयोगी पडलं नाही. प्लेटो हे कुठेही बोलून दाखवत नाही. माझ्या मते त्याचं मोठेपण तिथेच आहे.

विभागातल्या लेखकांना आम्ही एवढंच सांगितलं होतं : वचनं कमी, प्रसंग जास्त. बहुतेकांनी ऐकलं. एकदोघांनी, वचनांनाच एवढी नावं का ठेवता, म्हणून कडाडून वाद घातला. त्यांचे लेख सुरुवातीलाच छापले आहेत.